उंदराच्या शरीरात माणसाचे यकृत : औषध-चयापचयाच्या अभ्यासातील एका प्रतिरूपाचा इतिहास

प्रस्तावना

कोणतेही नवे औषध माणसाला देण्यापूर्वी ते प्राण्यांना देऊन पाहतात, हे आपण शालेय पाठ्यपुस्तकापासून वाचत आलो आहोत. औषध प्राण्यांना सोसले तर ते माणसालाही सोसेल, असे या पद्धतीमागचे गृहीतक आहे. बहुतेक वेळा ते खरे ठरते. परंतु ते खोटे ठरते तेव्हा काय होते? आणि ते खोटे ठरण्याची शक्यता आधीच ओळखता येईल का?

या पाठात आपण याच प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत. ‘मानवीकृत यकृताचा उंदीर’, म्हणजे ज्याच्या यकृतातील बहुतांश पेशी माणसाच्या आहेत असा उंदीर, आज औषध-संशोधनात वापरला जातो. तो कोणी एका दिवशी ठरवून बनवलेला नाही. रक्त गोठण्याचा अभ्यास, कावीळीच्या विषाणूंचा अभ्यास आणि एका दुर्मीळ आनुवंशिक आजाराचा अभ्यास अशा वेगवेगळ्या वाटांनी तो औषधशास्त्रापर्यंत आला. त्याची गरज किती खरी होती, हे मात्र १९९३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका चाचणीने दाखवून दिले. म्हणून त्या चाचणीचा विचार आपण आधी करू आणि शेवटी पुन्हा तिच्याकडेच येऊ.

एक सूचना : इंग्रजीत ज्यांना माऊस आणि रॅट म्हणतात, त्या दोन्हींना मराठीत आपण उंदीरच म्हणतो. या पाठात ‘उंदीर’ म्हणजे माऊस. मोठ्या जातीसाठी ‘रॅट’ हाच शब्द वापरला आहे.

१. एकाचे औषध, दुसऱ्याचे विष

पोटात घेतलेले औषध आतड्यातून शोषले जाते आणि रक्तावाटे प्रथम यकृतात पोहोचते. यकृतातील विकरे त्याच्या रेणूत बदल करतात. या बदलांना औषधाचे चयापचय म्हणतात आणि त्यातून तयार होणाऱ्या नव्या रेणूंना चयापचयज म्हणतात. चयापचयामुळे औषध सहसा पाण्यात अधिक विरघळणारे होते आणि लघवीतून किंवा पित्तातून बाहेर पडते. पण काही वेळा मूळ औषधापेक्षा त्याचे चयापचयजच अधिक परिणामकारक किंवा अधिक घातक असते.

या कामातील सर्वांत महत्त्वाचा विकरसमूह म्हणजे सायटोक्रोम पी-४५०. जपानचे त्सुनेओ ओमुरा आणि र्‍यो सातो यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी त्याचे स्वरूप स्पष्ट केले. पुढे जनुकांचा अभ्यास झाला तेव्हा कळले की माणसात या समूहाची ५७ कार्यरत जनुके आहेत, तर उंदरात ती शंभराच्या आसपास आहेत. म्हणजे उंदराचे यकृत हे माणसाच्या यकृताची छोटी प्रत नाही. त्याची विकरांची पेटीच वेगळी आहे.

याचे एक साधे उदाहरण पाहू. दालचिनीच्या काही जातींत कुमारिन नावाचे सुगंधी द्रव्य असते. रॅटच्या यकृतात त्यापासून एक क्रियाशील मध्यस्थ रेणू तयार होतो आणि तो यकृताला इजा करतो. बहुतेक माणसांत मात्र दुसरे विकर पुढे येते आणि कुमारिनचे रूपांतर तुलनेने निरुपद्रवी पदार्थात होते. केवळ रॅटकडे पाहून निष्कर्ष काढला तर धोका फुगवून सांगितला जाईल.

उलट दिशेने होणारी चूक अधिक भयंकर असते, आणि तिचे उदाहरण आपल्याच देशात घडले आहे. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक गुराढोरांना सर्रास दिले जात होते आणि त्यांना ते सोसत होते. पण औषध दिलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत होती. २००४ मध्ये हे कारण प्रसिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारताने या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे जवळजवळ दिसेनाशी झाली होती. अमेरिकेतील टर्की गिधाडांना मात्र हेच औषध मोठ्या मात्रेतही सोसते. गुरांवरून गिधाडांचे अनुमान करता येत नाही, इतकेच काय, एका गिधाडावरून दुसऱ्या गिधाडाचेही करता येत नाही. यालाच औषधशास्त्रात प्रजातिभेद म्हणतात.

हा भेद माणसामाणसांतही असतो. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयातील रॉबर्ट स्मिथ यांनी १९७५ मध्ये डेब्रिसोक्विन हे रक्तदाबावरचे औषध प्रयोग म्हणून स्वतः घेतले. त्यांचा रक्तदाब धोकादायकरीत्या खाली गेला. सोबतच्या सहकाऱ्यांना तसे काही झाले नाही. या घटनेचा पाठपुरावा झाला आणि काही माणसांत हे औषध मोडणारे विकर आनुवंशिक कारणाने काम करत नाही, असे सिद्ध झाले. आज ते विकर सीवायपी-२डी६ या नावाने ओळखले जाते. माणसात या उपसमूहाचे एकच कार्यरत जनुक आहे. उंदरात नऊ आहेत.

२. १९९३ : फियाल्युरिडीनची चाचणी

फियाल्युरिडीन हे हिपॅटायटिस बी या विषाणूविरुद्धचे औषध होते. डीएनए बनवताना लागणाऱ्या थायमिडीन या घटकासारखी त्याची रचना होती. विषाणू स्वतःची प्रत बनवताना खऱ्या घटकाऐवजी हा फसवा घटक उचलतो आणि त्याची वाढ थांबते, अशी त्यामागची कल्पना. हिपॅटायटिस बी वर त्या काळी उपाय फार थोडे होते. जुनाट संसर्गातून यकृत कठीण होणे किंवा यकृताचा कर्करोग होणे, ही भीती रुग्णांपुढे सतत असे. अल्प मुदतीच्या चाचण्यांत फियाल्युरिडीनने रक्तातील विषाणूंचे प्रमाण झपाट्याने खाली आणले होते. त्यामुळे डॉक्टर आणि रुग्ण दोघांच्याही आशा वाढल्या होत्या.

१९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या बेथेस्डा येथील रुग्णालयात १५ रुग्णांवर दीर्घ मुदतीची चाचणी सुरू झाली. मात्रा होती शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.१० किंवा ०.२५ मिलिग्रॅम, आणि मुदत होती २४ आठवडे. त्यापूर्वी उंदीर, रॅट, कुत्रे आणि माकडे यांच्यावर औषधाची तपासणी झाली होती. त्यांत यकृताच्या अशा हानीचा इशारा मिळाला नव्हता.

तेराव्या आठवड्यात एका रुग्णाचे यकृत अचानक निकामी झाले आणि त्याच्या रक्तात लॅक्टिक आम्लाचे प्रमाण धोकादायक पातळीवर गेले. चाचणी तत्काळ थांबवण्यात आली. इतर रुग्णांना गोळ्या बंद करण्यास सांगितले गेले. पण औषध थांबवूनही हानी थांबली नाही. पुढच्या आठवड्यांत एकूण ७ रुग्णांच्या यकृताला गंभीर इजा झाली. त्यांपैकी ५ मरण पावले आणि २ यकृत-प्रत्यारोपणामुळे वाचले.

या दुर्घटनेची अनेक स्तरांवर चौकशी झाली. इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने नेमलेल्या समितीचा अहवाल १९९५ मध्ये आला. त्या वेळी हाती असलेल्या माहितीवरून ही आपत्ती आधी ओळखता आली नसती, असा त्याचा आशय होता. विद्यार्थ्यांनी हे वाक्य नीट वाचावे. त्यात कोणावर दोषारोप नाही. पण एका संपूर्ण पद्धतीच्या मर्यादेची कबुली आहे. नियमाप्रमाणे प्राण्यांवर चाचण्या झाल्या होत्या. तरीही पाच माणसे गेली.

पुढे कारण उलगडत गेले. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांना स्वतःचे वेगळे डीएनए असते. फियाल्युरिडीन विषाणूच्या डीएनएप्रमाणेच या डीएनएमध्येही शिरत होते. तंतुकणिका हळूहळू निकामी होत होत्या, यकृतपेशींत चरबी साठत होती आणि लॅक्टिक आम्ल वाढत होते. डीएनएमध्ये एकदा शिरलेला घटक गोळी बंद केल्याने निघून जात नाही. म्हणूनच औषध थांबल्यावरही रुग्ण खालावत गेले.

येथे आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. उत्तर अमेरिकेत वुडचक नावाचा खारीच्या कुळातला प्राणी असतो. त्याला हिपॅटायटिस बी सारखाच विषाणू होतो. चाचणीनंतर वुडचकांना फियाल्युरिडीन १२ आठवडे देण्यात आले, तेव्हा काही आठवड्यांनी त्यांच्याही यकृताला तशीच इजा झाली. १९९८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. म्हणजे इशारा देणारा प्राणी जगात होता. पण कोणता प्राणी निवडायचा आणि त्याला किती दिवस औषध द्यायचे, हे उत्तर कळल्यानंतर कळले. आधी कळण्यासाठी वेगळाच मार्ग हवा होता.

३. अनपेक्षित सापडलेली वाट : १९९० ते १९९५

हा मार्ग त्याच सुमारास वेगळ्या प्रयोगशाळांत उघडत होता, आणि त्याचा औषधांशी काही संबंध नव्हता. अमेरिकेतील राल्फ ब्रिन्स्टर, रिचर्ड पाल्मिटर, एरिक सँडग्रेन आणि त्यांचे सहकारी रक्ताच्या गुठळ्या विरघळवणाऱ्या युरोकायनेज या प्रथिनाचा अभ्यास करत होते. या प्रथिनाचे जनुक त्यांनी अशा प्रकारे उंदरात घातले की ते केवळ यकृतात कार्यरत व्हावे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अनेक पिल्ले जन्मानंतर लवकरच रक्तस्रावाने मेली. काही मात्र जगली, आणि कालांतराने त्यांचे रक्त पूर्ववत गोठू लागले.

ती का जगली? १९९१ मध्ये उत्तर मिळाले. या उंदरांचे यकृत फिकट पडलेले होते, पण त्यावर लाल गाठी दिसत होत्या. त्या गाठींतील पेशींनी घातक जनुक योगायोगाने गमावले होते. आजूबाजूच्या आजारी पेशी मरत असताना या मोजक्या निरोगी पेशी विभाजित होत राहिल्या आणि त्यांनी सबंध यकृत नव्याने उभे केले.

यातून एक महत्त्वाची कल्पना निघाली. यजमानाच्या यकृतपेशी दुबळ्या असतील, तर बाहेरून आणून सोडलेल्या निरोगी पेशीही त्यांची जागा घेऊ शकतील. १९९४ मध्ये हे दुसऱ्या उंदराच्या पेशी वापरून दाखवले गेले. १९९५ मध्ये रॅटच्या पेशी उंदराच्या यकृतात वाढवण्यात आल्या. आता भिन्न प्रजातीची भिंत ओलांडली गेली होती.

प्रतिकारशक्तीचा अडथळा मात्र उरला होता. परक्या पेशी शरीर नाकारते. त्यासाठी उपयोगी पडले ते १९८३ मध्ये फिलाडेल्फियात मेल्विन बोस्मा आणि सहकाऱ्यांना आढळलेले उंदीर. एका नैसर्गिक उत्परिवर्तनामुळे त्यांच्यात प्रतिकारशक्तीच्या बी आणि टी पेशी तयारच होत नव्हत्या. ‘स्किड’ या नावाने ते ओळखले जातात. दुबळे यकृत आणि दुबळी प्रतिकारशक्ती, या दोन उणिवा एकाच उंदरात आणल्या की माणसाच्या पेशींना तेथे घर मिळणार होते.

४. विषाणूसाठी बांधलेले घर : २००१

माणसाच्या यकृतपेशी उंदरात वाढवण्याची निकड प्रथम वाटली ती विषाणुशास्त्रज्ञांना. हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू साध्या उंदराच्या पेशींत शिरत नाहीत. हिपॅटायटिस सी च्या अभ्यासासाठी तर चिंपांझीखेरीज दुसरा सोयीचा प्राणी नव्हता.

२००१ मध्ये दोन गटांनी ही अडचण दूर केली. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे मौरा डांद्री आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या पेशी उंदराच्या यकृतात रुजवून त्यांना हिपॅटायटिस बी चा संसर्ग घडवला. कॅनडातील एडमंटन येथे डेव्हिड मर्सर, नॉर्मन नेटमन आणि सहकाऱ्यांनी हिपॅटायटिस सी च्या बाबतीत तेच साधले.

पद्धत थोडक्यात अशी. प्रत्यारोपणासाठी न वापरता आलेल्या मानवी यकृतातून किंवा शस्त्रक्रियेत काढलेल्या भागातून पेशी सुट्या करतात. त्यांतील सुमारे पाच ते दहा लाख पेशी उंदराच्या प्लीहेत टोचतात. तेथून त्या रक्तावाटे यकृतात जातात, स्थिरावतात आणि पुढच्या काही आठवड्यांत वाढतात. मानवी पेशी अल्ब्युमिन हे प्रथिन रक्तात सोडतात. उंदराच्या रक्तातील मानवी अल्ब्युमिन मोजले की आत किती पेशी रुजल्या आहेत, याचा अंदाज उंदीर न मारता घेता येतो.

५. औषधशास्त्राकडे वळण : हिरोशिमा, २००४

विषाणूंसाठी थोड्या मानवी पेशी पुरेशा होत्या. औषध-चयापचयासाठी मात्र ते पुरणारे नव्हते. यकृतात निम्म्या पेशी उंदराच्या राहिल्या, तर दिसणारे चयापचयज कोणत्या पेशींनी बनवले हे सांगता येणार नाही.

जपानमधील हिरोशिमा येथे कात्सुतोशी योशिझातो, चिसे तातेनो आणि सहकाऱ्यांनी हे प्रमाण वाढवण्यावर काम केले. वाढत्या मानवी पेशी जी प्रथिने रक्तात सोडतात त्यांत पूरक प्रथिनेही असतात, आणि ती उंदराच्याच अवयवांना इजा करतात, हे लक्षात आल्यावर ती क्रिया रोखणारे औषध उंदरांना देण्यात आले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत काही उंदरांच्या यकृताचा ९६ टक्क्यांपर्यंत भाग मानवी पेशींनी व्यापला होता.

या शोधनिबंधातील एक प्रयोग भारतीय विद्यार्थ्यांना विशेष जवळचा वाटेल, कारण त्यातील औषध आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन माणसाच्या यकृतात सीवायपी-३ए४ या विकराचे प्रमाण वाढवते. त्यामुळे इतर अनेक औषधे लवकर मोडली जातात. क्षयाचे उपचार घेणाऱ्या स्त्रीच्या गर्भनिरोधक गोळ्या निष्प्रभ ठरू शकतात, त्या याच कारणाने. साध्या उंदरावर रिफाम्पिसिनचा हा परिणाम फारच क्षीण असतो, कारण औषध ओळखणारा त्याचा ग्राहक रेणू माणसापेक्षा वेगळा आहे. मानवीकृत यकृताच्या उंदरात मात्र मानवी विकर वाढलेले आढळले. पेशी उंदराच्या शरीरात होत्या, पण माणसाच्या पेशींसारख्याच वागत होत्या. स्मिथ यांना त्रास देणाऱ्या डेब्रिसोक्विनच्या बाबतीतही पुढे तेच दिसले : साध्या उंदरात नगण्य असणारे मानवी चयापचयज या उंदरांत तयार होऊ लागले.

६. तीन प्रकारचे उंदीर

युरोकायनेजवर आधारित उंदरांत काही अडचणी होत्या. पिल्ले अशक्त निपजत, रक्तस्रावाने मरत आणि प्रत्यारोपण जन्मानंतर लवकर करावे लागे. शिवाय घातक जनुक गमावलेल्या उंदराच्या पेशी मानवी पेशींशी स्पर्धा करत. म्हणून इतर मार्ग शोधले गेले.

अमेरिकेतील पोर्टलँड येथे मार्कुस ग्रोम्पे यांच्या गटाने २००७ मध्ये ‘एफआरजी’ उंदीर तयार केला. टायरोसिनेमिया या आनुवंशिक आजारात फाह नावाचे विकर नसते आणि यकृतात विषारी पदार्थ साठतात. त्यावर नायटिसिनोन हे औषध देतात. तणनाशकांच्या संशोधनातून पुढे आलेले हे रसायन १९९२ पासून त्या मुलांचे प्राण वाचवू लागले होते. ग्रोम्पे यांच्या उंदरात फाह जनुक काढून टाकलेले असते आणि नायटिसिनोन देऊन त्याला निरोगी ठेवले जाते. मानवी पेशी टोचून औषध बंद केले की उंदराच्या पेशी खंगू लागतात आणि मानवी पेशी त्यांची जागा घेतात. यकृत कधी दुबळे करायचे, हे आता संशोधकाच्या हाती आले.

तिसरा प्रकार जपानमधील कावासाकी येथे २०११ मध्ये पुढे आला. त्याला ‘टीके-नॉग’ म्हणतात. या उंदराच्या यकृतपेशींत नागीण कुळातल्या एका विषाणूचे जनुक घातलेले असते. गॅन्सिक्लोव्हिर हे औषध थोड्या मात्रेत दिले की केवळ ते जनुक असलेल्या पेशी मरतात; नंतर टोचलेल्या मानवी पेशींना रिकामी जागा मिळते.

तिन्ही प्रकारांत तत्त्व एकच आहे : यजमानाच्या पेशी हटवणे, परक्या पेशींना प्रतिकार होऊ न देणे आणि निरोगी मानवी पेशींच्या वाढीला वाव देणे.

याच काळात या उंदरांची नियामक गरजही वाढली. २००८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चयापचयजांच्या सुरक्षिततेविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. एखादे चयापचयज माणसात लक्षणीय प्रमाणात तयार होत असेल, पण चाचणीतील प्राण्यांत होत नसेल किंवा फारच कमी होत असेल, तर त्याची स्वतंत्र तपासणी व्हावी, असा त्यांचा रोख होता. मग असे चयापचयज माणसाला औषध देण्याआधी ओळखायचे कसे? मानवीकृत यकृताचा उंदीर हे त्याचे एक उत्तर होते.

७. जुन्या प्रश्नाकडे पुन्हा : २००६ आणि २०१४

आता आपण फियाल्युरिडीनकडे परत येऊ. हे औषध उंदराला का सोसले आणि माणसाला का नाही? २००६ मध्ये सिएटल येथील जशवंत उनडकट यांच्या गटाने एक महत्त्वाचा धागा दाखवला. औषध पेशीच्या आत नेणारे एक वाहक प्रथिन माणसात तंतुकणिकेच्या आवरणावरही असते. त्यामुळे औषध तंतुकणिकेच्या आत पोहोचते. उंदराच्या त्याच प्रथिनात तंतुकणिकेकडे नेणारा खुणेचा भाग नसतो. म्हणजे तेच औषध, तीच पेशी, पण आतले एक दार माणसात उघडे आणि उंदरात बंद.

२०१४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील गॅरी पेल्ट्झ यांच्या गटाने टीके-नॉग उंदरांवर फियाल्युरिडीनची चाचणी केली. साध्या यकृताच्या उंदरांना काही झाले नाही. मानवीकृत यकृताचे उंदीर मात्र मलूल झाले, त्यांना कावीळ झाली आणि रक्तातील लॅक्टिक आम्ल वाढले. १९९३ च्या रुग्णांत दिसलेली लक्षणे हीच होती. सूक्ष्मदर्शकाखाली तर प्रजातिभेद एकाच यकृतात शेजारीशेजारी दिसला : मानवी पेशींत चरबी साठलेली आणि तंतुकणिका बिघडलेल्या, तर बाजूच्या उंदराच्या पेशी शाबूत. माणसांना दिलेल्या मात्रेच्या केवळ दहापट मात्रेतही १४ दिवसांत ही हानी ओळखता आली. तुलनेसाठी सोफोस्बुव्हिर हे हिपॅटायटिस सी वरचे औषध दिले, तेव्हा अशी इजा झाली नाही. त्याअर्थी हे उंदीर प्रत्येक औषधाला आजारी पडत नव्हते. घातक आणि निर्धोक औषधांत ते फरक करत होते.

हा प्रयोग इतिहासाच्या दृष्टीने मोलाचा आहे. पण तो वाचताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. २०१४ मध्ये संशोधकांना उत्तर आधीच ठाऊक होते. कोणते औषध, कोणता अवयव आणि कोणती लक्षणे पाहायची, हे त्यांना पाच मृत्यूंनी शिकवले होते. ज्या औषधाविषयी काहीच माहीत नाही, त्याच्याबाबत हाच उंदीर तितक्याच खात्रीने इशारा देईल, हे एका उदाहरणावरून सिद्ध होत नाही.

८. मर्यादा

या प्रतिरूपाच्या मर्यादा त्याच्या रचनेतच आहेत. पहिली, यकृतपेशी माणसाच्या असल्या तरी रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या आणि यकृतातील भक्षक पेशी उंदराच्याच राहतात. आतडी, मूत्रपिंडे आणि हृदयही उंदराचेच असते. दुसरी, या उंदरांना पुरेशी प्रतिकारशक्ती नसते. अनेक औषधे यकृताला इजा करतात ती प्रतिकारशक्तीच्या चुकीच्या प्रतिक्रियेमुळे. अशी इजा येथे दिसणार नाही. तिसरी, उंदराचे वाढ-संप्रेरक मानवी पेशींना ओळखता येत नाही. त्यामुळे औषध न देताही या पेशींत चरबी साठू शकते आणि निष्कर्षात गोंधळ होऊ शकतो.

चौथी मर्यादा दात्याची आहे. एका उंदरात एका माणसाच्या पेशी असतात, आणि माणसे सारखी नसतात हे आपण डेब्रिसोक्विनच्या उदाहरणात पाहिले. उलट, दाता जाणीवपूर्वक निवडला तर हीच अडचण उपयोगाची होते : ज्याचे विकर काम करत नाही अशा दात्याच्या पेशी घेऊन त्या गटातील रुग्णांचा धोका तपासता येतो. पाचवी गोष्ट खर्चाची आणि नैतिकतेची. हे उंदीर महाग आहेत, नाजूक आहेत आणि त्यांना होणारा त्रास खरा आहे. त्यांच्या यकृतातील पेशी कोणातरी माणसाने किंवा त्याच्या कुटुंबाने दिलेल्या असतात, हेही विसरता कामा नये.

म्हणूनच आज हा उंदीर एकटा वापरला जात नाही. काचपात्रातील मानवी पेशी, सूक्ष्म वाहिन्यांच्या चिपवर वाढवलेल्या यकृतपेशी आणि संगणकीय प्रतिरूपे यांच्या जोडीने तो वापरला जातो. कायदाही या दिशेने सरकतो आहे. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा बदलून प्राण्यांवरील चाचण्यांना पर्यायी पद्धतींचा मार्ग मोकळा केला. भारतातही नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचण्या नियम, २०१९ यांत मार्च २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन मानवी पेशींवर आधारित पद्धतींना स्थान मिळाले. मानवीकृत उंदीर या प्रवाहात मधल्या जागी उभा आहे : तो प्राणीही आहे आणि मानवी पेशींचे वाहनही.

समारोप

या इतिहासातून काय घ्यावे? प्रतिरूप म्हणजे एखाद्या प्रश्नाचे उत्तर मिळवण्याचे साधन. १९९३ पूर्वीच्या प्राण्यांनी खोटे उत्तर दिले नव्हते. ‘हे औषध उंदराच्या यकृताला सोसते का?’ या प्रश्नाला त्यांनी खरेच उत्तर दिले होते. चूक झाली ती तेच उत्तर माणसाच्या प्रश्नालाही लागू आहे असे धरण्यात. मानवीकृत यकृताच्या उंदराने हे अंतर कमी केले आहे, पण नाहीसे केलेले नाही. प्राण्यांत सुरक्षित ठरलेले औषध पहिल्यांदा घेणारा स्वयंसेवक बेथेस्डातला असो की भारतातल्या एखाद्या शहरातला, उरलेले अंतर तो स्वतःच्या शरीराने पार करत असतो. ते अंतर नेमके किती आहे, हे त्याला प्रामाणिकपणे सांगणे ही प्रत्येक संशोधकाची पहिली जबाबदारी आहे.

स्वाध्याय

१. प्रजातिभेद म्हणजे काय? कुमारिन आणि डायक्लोफिनॅक यांच्या आधारे स्पष्ट करा.

२. फियाल्युरिडीन बंद केल्यानंतरही रुग्णांची प्रकृती खालावत का गेली?

३. रक्त गोठण्याच्या अभ्यासातून मानवीकृत यकृताच्या उंदराची कल्पना कशी पुढे आली, ते कालक्रमाने लिहा.

४. रिफाम्पिसिनचा प्रयोग औषध-चयापचयाच्या दृष्टीने महत्त्वाचा का मानला जातो?

५. ‘२०१४ च्या प्रयोगातून १९९३ ची दुर्घटना टाळता आली असती हे सिद्ध होते.’ या विधानाची दोन्ही बाजूंनी चर्चा करा.